डॉल्फिनवरचा मुलगा आणि तेवरचे तांबे

प्रश्न : मी जबलपूरचा. आमचे घराणे भोसल्यांच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी ३१ वर्षे डाय आणि पंच बनवले, आता निवृत्त आहे. मुलगी-जावई दक्षिण इटलीत बारीला असतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा तारांतोच्या संग्रहालयात चांदीची जुनी ग्रीक नाणी पाहिली. एकावर डॉल्फिनच्या पाठीवर बसलेला मुलगा होता. दुसऱ्यावर एका बाजूने उठावाचा बैल, आणि उलट बाजूने तोच बैल खोलगट. माझा पाय तिथून निघेना. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्हाला असे एक नाणे घेऊन देते." घ्यावे का? जबलपुरात बसून असा संग्रह करता येतो का? इटलीत ग्रीक नाणी आली कुठून? आणि आपल्या भागात कधी असे काही झाले होते का?
— एक वाचक, जबलपूर

उत्तर : तुमचा पाय निघाला नाही यात नवल नाही. ठसा कसा कोरतात हे ज्याच्या हाताला माहीत आहे, त्याला त्या काचेमागे इतरांपेक्षा जास्त दिसते. म्हणून हे उत्तर थोडे तुमच्या कारागिरीच्या अंगाने देतो.

आधी 'वसाहत' या शब्दाचा घोळ मिटवू. वसाहत म्हटले की आपल्याला कंपनी सरकार आठवते : दूरच्या राजधानीचा हुकूम आणि इथली लूट. ग्रीकांच्या या वसाहती तशा नव्हत्या. मायदेशी जमीन अपुरी पडली की एखाद्या नगरातली माणसे गलबते घेऊन निघत आणि दुसऱ्या किनाऱ्यावर नवे नगर वसवत. तिथे आधीपासून राहणाऱ्या लोकांच्या जमिनी त्यासाठी बळकावल्या गेल्या, हे विसरायचे नाही. पण वसलेले नगर स्वतंत्र असे. देव आणि बोली मूळ गावाची, कायदा आणि नाणे स्वतःचे. सिसिली बेटावरचे नॅक्सोस इसवी सनापूर्वी ७३४ च्या सुमाराचे. पाठोपाठ कॉरिंथच्या लोकांनी सिराक्यूज वसवले. तुम्ही पाहिलेले तारांतो म्हणजे जुने तारास, परंपरेप्रमाणे इ.स.पू. ७०६ मध्ये स्पार्टाहून आलेल्यांचे. पुढे रोमन लोक दक्षिण इटलीच्या या सगळ्या पट्ट्याला 'मोठा ग्रीस' म्हणू लागले.

डॉल्फिनवरचा मुलगा हा तोच तारास, समुद्रदेव पोसायडनचा पुत्र, ज्याच्या नावाने गाव ओळखले गेले. हे नाणे प्राचीन काळातच इतके प्रसिद्ध होते की अ‍ॅरिस्टॉटलने त्याची नोंद केली होती. या नाण्याला 'नोमोस' म्हणत. ग्रीक भाषेत नोमोस म्हणजे रीत, कायदा. वजन सुरुवातीला ८ ग्रॅमच्या आसपास होते. इ.स.पू. २८० च्या सुमारास, रोमशी झालेल्या युद्धाच्या काळात, ते साडेसहा ग्रॅमवर उतरले. तराजूवर ठेवलेले एक नाणे नगराची तंगी अशी सांगून जाते.

या नगरांची चिन्हे पाहत बसावे इतकी गोड आहेत. सेलिनस गावाचे नाव रानटी सेलरीच्या भाजीवरून पडलेले, म्हणून नाण्यावर त्या भाजीचे पान. लिओंतिनोईच्या नावात सिंह, म्हणून सिंहाचे मुंडके. झान्क्ले म्हणजे विळा, कारण तिथले बंदर विळ्यासारखे वाकलेले. मग नाण्यावर विळ्याच्या कवेत एक डॉल्फिन. वाचता न येणाऱ्या खलाशालाही नाणे कोणत्या गावचे ते कळावे. अक्रागासने गरुड आणि खेकडा घेतला, आणि मेटापोंटमने जवाचे एक भरदार कणीस.

त्या कणसापाशी थोडे थांबतो. दक्षिण इटलीत आणि सिसिलीत चांदीच्या म्हणण्यासारख्या खाणी नव्हत्या. मग एवढी चांदी आली कुठून? धान्य देऊन. कणीस तिकडे गेले आणि चांदी इकडे आली. मेटापोंटमची काही नाणी निरखून पाहिली तर खाली दुसऱ्या नाण्याचा पुसट ठसा दिसतो : कॉरिंथचा पंखवाला घोडा. बाहेरून आलेल्या नाण्यावरच आपला ठसा मारून मोकळे. तुमच्या नर्मदेच्या खोऱ्यात हवेली भागातली बांध घातलेली गव्हाची शेते ज्याने पाहिली आहेत, त्याला कणसाचे नाणे का काढावेसे वाटले हे समजावून सांगायला नको.

आता तुमचा बैल. मान वळवून मागे पाहणारा असेल तर तो सिबारिसचा. हे नगर ऐषारामासाठी गाजले आणि इ.स.पू. ५१० मध्ये शेजारच्या क्रोटोनने ते धुळीला मिळवले. म्हणजे ते नाणे त्याआधीचे, आणि या भागातल्या पहिल्यावहिल्या नाण्यांपैकी. सिबारिस, क्रोटोन, मेटापोंटम, पोसिडोनिया, कॉलोनिया, सगळ्यांनी त्या काळात हीच तऱ्हा वापरली : चकती पातळ आणि रुंद, एकीकडे चित्र वर आलेले, दुसरीकडे तेच चित्र आत गेलेले. तुम्हाला ठाऊकच आहे की यासाठी एक ठसा खोदून करावा लागतो आणि दुसरा उठावात कोरावा लागतो. शिवाय घाव घालताना दोन्ही ठसे केसभरही फिरता कामा नयेत. एका हाताने ठसा धरायचा, दुसऱ्या हाताने हातोडा मारायचा, अशा काळात हे काम हजारो वेळा साधलेले आहे. क्रोटोनमध्ये राहिलेल्या पायथागोरसने ही तऱ्हा शोधली असे काही जणांनी सुचवले. कल्पना मोहक आहे, पण तो तिथे आला इ.स.पू. ५३० च्या सुमारास आणि ही नाणी त्याआधी सुरू झालेली दिसतात. मला त्यामागे तत्त्ववेत्ता दिसत नाही, टूलरूममधला माणूस दिसतो.

आणि या टूलरूमला एका गावाने मान दिला. सिराक्यूजमध्ये इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस ठसे कोरणारे कारागीर नाण्यावर आपले नाव घालू लागले. किमोन आणि युआइनेतोस ही त्यांतली दोन नावे. त्यांचे दहा द्राख्मांचे नाणे सुमारे ४३ ग्रॅमचे, तळहात भरून टाकणारे. एका बाजूला चौकडीचा रथ, दुसऱ्या बाजूला डॉल्फिनांनी वेढलेले देवीचे मुख. राजाची छबी नाही, सेनापतीची नाही, पण केसांच्या पट्टीवर किंवा डॉल्फिनच्या अंगावर बारीक अक्षरांत कारागिराचे नाव. सिराक्यूजच्या नाण्यांवर लिहिलेले असते 'सिराकोसिओन', म्हणजे सिराक्यूजकरांचे. नाणे लोकांचे आणि सही ठसा कोरणाऱ्याची! एवढा आदर ठसेकाराला फार थोड्या ठिकाणी मिळाला आहे.

नाण्यावरच्या अनेक देवीमुखांना अरेथुसा म्हणतात. तिची कथा नर्मदेकाठच्या माणसाला परकी वाटणार नाही. ती ग्रीसमधली जलदेवता. अल्फिओस नावाची नदी, तिकडे नदी पुरुष असते, तिच्या मागे लागली. अरेथुसा जमिनीत शिरली, समुद्राखालून वाहत गेली आणि सिराक्यूजच्या ऑर्टिजिया बेटावर गोड्या पाण्याचा झरा होऊन वर आली. शोणभद्राशी लग्न मोडले म्हणून पाठ फिरवून पश्चिमेला निघून गेलेली आपली रेवा तुम्हाला इथे आठवेल. ऑर्टिजियाचा झरा आजही आहे. मुलीकडे पुन्हा गेलात तर तेवढा जरूर पाहून या.

आता तुमचा सर्वांत मोलाचा प्रश्न : आपल्या भागात असे कधी झाले का? झाले होते, आणि तुमच्या घरापासून फार दूर नाही. भेडाघाटच्या रस्त्यावर १२-१३ किलोमीटरवर तेवर गाव लागते. लोक त्रिपुरसुंदरीच्या दर्शनाला जातात, १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण काढतात आणि पुढे धुवांधारकडे निघून जातात. हे तेवर म्हणजे प्राचीन त्रिपुरी. इथे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत नगराच्या नावाची नाणी निघाली. त्यांवर ब्राह्मी अक्षरांत 'तिपुरि' आहे, सोबत डोंगर, नदी अशी चिन्हे आहेत, आणि राजाचे नाव नाही. गावाने आपल्या नावावर नाणे काढावे, हे सिराक्यूजने केले तेच त्रिपुरीने केले. तसेच उज्जैनने केले, विदिशेने केले, सागरजवळच्या एरणने केले. मध्य भारतात त्या काळी नगरांचा आणि तिथल्या व्यापाऱ्यांचा वट किती असला पाहिजे याचा हा धातूतला पुरावा आहे. नदी आणि डोंगर कोरणाऱ्या त्या माणसाला नर्मदाच दाखवायची होती असे मला मनापासून वाटते. चांदीचा डौल तिथे नाही, तांब्याची ओबडधोबड नाणी आहेत ती. पण माझा जीव त्यांच्यावर जास्त आहे.

या मातीवर मराठी माणसांनी मोठे काम केले आहे. १९५२ मध्ये सागर विद्यापीठातर्फे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी त्रिपुरीचे उत्खनन केले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी मूळचे कोकणातल्या देवगडकडचे, कर्मभूमी नागपूर. त्यांनी कलचुरी-चेदी संवताचे लेख वाचून जो ग्रंथ १९५५ मध्ये दिला, त्याशिवाय त्रिपुरीच्या कलचुरींविषयी आजही पान हलत नाही.

कलचुरींचे नाव निघाले म्हणजे गांगेयदेव आलाच. अकराव्या शतकातला त्रिपुरीचा हा राजा. त्याच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला चार हातांची बसलेली लक्ष्मी आणि दुसऱ्या बाजूला तीन ओळींत नागरीत त्याचे नाव. उत्तर भारतात हा नमुना इतका चालला की चंदेलांनी उचलला, गाहडवालांनी उचलला, आणि शेवटी महंमद घोरीनेही लक्ष्मी तशीच ठेवून दुसऱ्या बाजूला स्वतःचे नाव नागरीत घातले. या नाण्याचे वजन सुमारे ४ ग्रॅम. हे माप द्रम्माचे. द्रम्म हा शब्द मूळचा ग्रीक 'द्राख्मे', अर्थ मूठभर. सिराक्यूजला ४३ ग्रॅमच्या नाण्यात दहा मावत होते ते हेच. वायव्येच्या ग्रीक राजांबरोबर तो शब्द भारतात आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनांडर यांचे जुने द्राख्मे अजून चालतात, असे एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. पुढे कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म येतात. घासत घासत त्याच शब्दाचा झाला 'दाम'. दाम मोजून घेतले असे आपण भाजीच्या पिशवीवरून म्हणतो, तेव्हा तारासच्या आणि सिराक्यूजच्या बाजारातला शब्द आपल्या तोंडात असतो. ग्रीक नाण्यांशी तुमचे नाते बारीच्या विमानात बसल्यावर जुळलेले नाही.

नाणे विकत घ्यायचे का, याकडे येतो. मुलीला सांगा, घाई नको. इटलीत जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारची असते. जुने नाणे दुकानातून रीतसर घेतले तरी देशाबाहेर न्यायला निर्यातीचा परवाना लागतो. कागद नसलेले नाणे खिशात घालून विमानतळावर जाणे म्हणजे स्वतःवर खटला ओढवून घेणे. जबलपुरात आणल्यावर आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. १०० वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते, त्याचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि ते देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला मनाई आहे. संग्रह बाळगण्यावर बंदी नाही. पण बिल, विकणाऱ्याचा परवाना क्रमांक, आधी हे नाणे कोणाच्या संग्रहात होते त्याची नोंद, हे सगळे एका फाइलीत हवे.

कागदांचा एवढा आग्रह मी कायद्याच्या भीतीने धरत नाही. सिसिलीतल्या मोर्गांतिना या उजाड ग्रीक नगरातून चोरांनी चांदीची सुंदर भांडी उकरली. ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोचली आणि २०१० मध्ये इटलीला परत आली. पुरातत्त्वज्ञांनी चोरांचे खड्डे पुन्हा तपासले तेव्हा एका घराच्या जमिनीखाली सापडले १९७८ सालचे १०० लिरांचे नाणे. चोर कधी आले होते हे त्यांच्याच खिशातून पडलेल्या नाण्याने सांगितले. नाणे जिथे सापडते ती जागा म्हणजे त्याची अर्धी गोष्ट. आपल्याकडचे उदाहरण याहून मोठे आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा एक साठा निघाला, १३ हजारांहून अधिक नाण्यांचा. सगळी क्षत्रप नहपानाची, त्याच्या मुखाभोवती ग्रीक अक्षरे, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यांतल्या दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता, मेटापोंटमने कॉरिंथच्या घोड्यावर मारला तसाच. नहपान हरला आणि कोणाकडून हरला, ते त्या ढिगाने एका क्षणात सांगितले. तीच नाणी १३ हजार घरांत विखुरली असती तर आपल्या हाती नुसती चांदी उरली असती.

म्हणून तेवरच्या शेतात पावसाळ्यानंतर कोणी मुलगा हातावर नाणे ठेवून "ले लो बाबूजी" म्हणाला, तर कृपा करून घेऊ नका. १८७८ च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे १० रुपयांहून जास्त किमतीचे जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्या मुलाला जागा विचारा, फोटो काढा, आणि त्याला जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात घेऊन जा.

हे सगळे पाळूनही एखादे ग्रीक नाणे जवळ असावे असे वाटत असेल, तर मला ती इच्छा अगदी कळते. मग किमोनच्या वाटेला जाऊ नका. सिराक्यूजचा राजा दुसरा हायरॉन, इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, त्याची कांस्याची नाणी विपुल आहेत : पुढे पोसायडन, मागे त्रिशूळ. तारासची एक-सव्वा ग्रॅमची चिमुकली चांदीची नाणी आहेत, सिंहाला दाबून धरणाऱ्या हेराक्लीसची. जुन्या संग्रहातून लिलावात आलेली, नोंद असलेली अशी लहान नाणी शोधावी.

बनावट ओळखण्यात तुम्ही पुष्कळांच्या पुढे असाल. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण असते, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट असतात. ठोकीव नाण्यात धातू घावाने बाहेर पळालेला दिसतो. भिंग लावताच तुमच्या डोळ्याला तो प्रवाह कळेल. तरी जपा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेकर नावाच्या जर्मन गृहस्थाने हाताने ठसे कोरून अशी ग्रीक नाणी पाडली की नामांकित संग्रह फसले. दुसरी चाचणी घरच्या तराजूवर होते. नाणे हवेत तोला, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोला. चांदीची घनता साडेदहाच्या जवळ येते. आतून तांबे आणि वरून चांदीचा पत्रा असेल तर आकडा ९ कडे घसरतो. ही युक्ती आर्किमिडीजची, आणि तो सिराक्यूजचाच. मुकुटात भेसळ आहे का हे त्याला विचारणारा राजा, कथेप्रमाणे, हाच हायरॉन. इ.स.पू. २१२ मध्ये रोमनांनी सिराक्यूज घेतले तेव्हा आर्किमिडीज मारला गेला. तारास त्याआधीच, २७२ मध्ये, पडले होते.

नाणे हाती आले तर चिंच-मीठ, पितांबरी यांपासून दूर ठेवा. शतकांची चढलेली झिलई एकदा गेली की पुन्हा येत नाही. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवा चिकट थर सुटतो. कागदी पाकीट उत्तम, वर वजन, व्यास आणि कोणाकडून कधी घेतले ते पेन्सिलीने.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. कधी नाशिकला आलात तर तिथे एक दिवस काढा. याच अंजनेरीला सापडलेल्या आठव्या शतकाच्या आरंभीच्या ताम्रपटात कलचुरी कृष्णराजाच्या रुपयांचा उल्लेख आहे. त्या राजाला जाऊन तेव्हा शंभराहून अधिक वर्षे झाली होती, तरी नाणे बाजारात चालूच होते.

शेवटी माझे एक काम तुमच्याकडे. तो मागे वळून पाहणारा बैल पुन्हा डोळ्यांपुढे आणा. वरचा ठसा दर घावाला नेमका खालच्या बैलावरच बसावा म्हणून तुम्ही काय केले असते? खुंटी आणि भोक, की बिजागरीसारखी जोडणी, की ठशाच्या कडेला नुसती खूण आणि सरावाचा हात? ३१ वर्षे पंच धरलेला हात काय म्हणतो, ते मला सविस्तर लिहून पाठवा. शक्य असेल तर कागदावर आकृती काढून.